लघवीतले रक्त आणि लघवीची तपासणी

आमच्या वस्तीत एक काका राहतात. वय सत्तरीच्या पुढे. तरुणपणी गिरणीच्या रंगखात्यात होते. १९८२ च्या संपात नोकरी गेली, विडी मात्र सुटली नाही. चार वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांना लघवी लाल झालेली दिसली. ना दुखणे, ना जळजळ. उन्हाळी लागली असेल म्हणून काकूंनी धने-जिऱ्याचे पाणी दिले. दोन दिवसांत लघवी स्वच्छ झाली. काका गप्प बसले. अशा जागेचे दुखणे चारचौघांत बोलायचे कसे?

पाच महिन्यांनी पुन्हा तसेच झाले. या वेळी रक्ताच्या गुठळ्या पडल्या. तेव्हा काकूच आमच्याकडे धावत आल्या. आम्ही काकांना सरकारी इस्पितळात नेले. सोनोग्राफी झाली, मग दुर्बिणीची तपासणी झाली. मूत्राशयात, म्हणजे लघवीच्या पिशवीत, कर्करोगाची गाठ निघाली. ती पिशवीच्या आतल्या अस्तरापुरतीच होती, म्हणून दुर्बिणीतूनच काढता आली.

गाठ काढली म्हणजे सुटलो, असे आम्हांला वाटले. पण डॉक्टरांनी बजावले, की हा रोग पुन्हा पुन्हा उद्भवतो. पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी दुर्बीण घालून पाहावे लागेल. लघवीच्या वाटेने नळी आत जाणार, या कल्पनेनेच काका आदल्या रात्री झोपत नसत. तिसऱ्या खेपेला ते आम्हांला म्हणाले, "अरे बाबा, माणूस चंद्रावर जाऊन आला. नुसत्या लघवीतून हे कळायची काही सोय नाही का?"

प्रश्न रास्त होता. आम्ही डॉक्टर नव्हे, कारकुनी करणारी माणसे. तरी डॉक्टरांना विचारून, वाचून जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

लघवी पिशवीत साठून राहते, त्यामुळे पिशवीच्या अस्तराच्या पेशी तिच्यात गळून पडतात. कर्करोग असेल तर रोगट पेशीही पडतात. लघवीचा गाळ काचेवर पसरून, रंग देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी शोधतात. या तपासणीला युरिन सायटॉलॉजी म्हणतात. पापानिकोलाऊ आणि मार्शल या संशोधकांनी १९४५ साली ती मांडली. हेच ते पापानिकोलाऊ, ज्यांच्या नावाने स्त्रियांच्या गर्भाशयमुखाची 'पॅप' तपासणी ओळखली जाते. पुढे लघवीतील विशिष्ट प्रथिन मोजणारी एन.एम.पी. २२ ही तपासणी निघाली. तिला अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली. पेशींच्या गुणसूत्रांतील बिघाड हुडकणारी 'फिश' तपासणी आली. तिला २००१ साली मान्यता मिळाली. सुई नाही, नळी नाही, भूल नाही. डबीत लघवी द्यायची, एवढेच.

मग दुर्बीण कशाला, असे कोणालाही वाटेल. काकांनाही तसेच वाटले. त्यांच्या सायटॉलॉजीच्या रिपोर्टात 'कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत' असे आले. तो कागद खिशात घालून ते दुर्बिणीच्या तारखेला गेलेच नाहीत. आम्हीही जोर धरला नाही, ही आमची चूक. पुढच्या खेपेला पाहिले, तर नवी गाठ आलेली होती.

असे का झाले? जोमाने वाढणाऱ्या, घातक गाठीच्या पेशी सायटॉलॉजीत बऱ्यापैकी सापडतात. परंतु सावकाश वाढणाऱ्या गाठीच्या पेशी चांगल्या पेशींसारख्याच दिसतात, म्हणून त्या पुष्कळदा निसटतात. नव्या तपासण्या यातल्या काही गाठी पकडतात. पण लघवीत जंतुसंसर्ग किंवा मुतखडा असला, तर त्यांतल्या काही तपासण्या रोग नसतानाही 'आहे' असे सांगतात. ज्यांनी हिशेब लिहिले आहेत त्यांना हे लवकर उमजेल. ट्रायल बॅलन्स जुळला म्हणजे खाते बिनचूक, असे नसते. एखादी नोंदच राहून गेली, तरी दोन्ही बाजूंची बेरीज जुळतेच. लघवीचा चांगला रिपोर्ट हा असाच जुळलेला ट्रायल बॅलन्स आहे. त्याचा उपयोग मोठा, पण तो शेवटचा शब्द नव्हे. शेवटचा शब्द आजही दुर्बिणीचा, आणि काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा.

यातून आमच्या माता-भगिनींनी आणि बांधवांनी ध्यानात ठेवावे ते असे. लघवीत रक्त एकदाच दिसले, दुखले नाही, आपोआप थांबले, तरी डॉक्टरांकडे जावे. न दुखता येणारे रक्त हेच या रोगाचे सर्वांत मोठे लक्षण आहे. दरवेळी कर्करोगच असतो असे नाही. खडा असेल, जंतुसंसर्ग असेल. पण ते तपासल्यावर ठरवायचे. साध्या लघवी तपासणीत डोळ्यांना न दिसणारे रक्तही कळते. स्त्रियांच्या बाबतीत 'पाळीचे असेल', 'जंतुसंसर्ग असेल' असे म्हणून महिने जातात. पाळी गेल्यावर रक्त दिसले, किंवा गोळ्या घेऊनही पुन्हा पुन्हा तेच झाले, तर मूत्रविकार तज्ज्ञांना दाखवावे.

विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना धोका सर्वांत जास्त. धुरातले विष रक्तात, रक्तातून लघवीत उतरते, आणि पिशवीत तासन्‌तास साचून राहते. तसाच धोका रंग, रबर यांच्या कारखान्यांत काही रसायने हाताळणाऱ्या कामगारांना. जर्मनीत रेन नावाच्या शल्यचिकित्सकाने रंगकामगारांतील हा रोग १८९५ सालीच दाखवून दिला होता. काम सुटल्यावर वीस-तीस वर्षांनीही रोग डोके वर काढू शकतो. म्हणून डॉक्टरांना आपले जुने काम आवर्जून सांगावे. त्यांनी विचारले नाही तरी सांगावे.

सायटॉलॉजी सांगितली असेल, तर सकाळची पहिली लघवी देऊ नये, कारण रात्रभर साचून पेशी खराब झालेल्या असतात. त्यानंतरची ताजी लघवी द्यावी आणि डबी लगेच लॅबमध्ये पोचवावी. खर्चाच्या धास्तीने घरी बसू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीतील रुग्णालयांत कर्करोगाचे अनेक उपचार रोख पैसे न भरता होतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला भेटावे.

काकांची दुसरी गाठही काढली. मग लहान मुलांना टोचतात तीच बी.सी.जी. लस नळीने पिशवीत सोडली. रोग उलटू नये म्हणून हा उपचार करतात. आता काका विडी ओढत नाहीत. दुर्बिणीची तारीख काकू कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवतात. लघवीचा रिपोर्ट चांगला आला, की काका तो आम्हांला दाखवतात आणि स्वतःच म्हणतात, "बेरीज जुळली. आता वही तपासायला जाऊ या."

आपल्या घरात कोणी असे गप्प बसले असेल, तर आजच विचारा. लाज बाळगण्यासारखे यात काहीही नाही.