वाचकांच्या पत्रांना उत्तर देणारा लुईस

‘नार्निया’वाले सी. एस. लुईस वाचकांच्या पत्रांना नेमाने उत्तरं द्यायचे; स्वतः लिहीत ती हातानेच. बरीच उत्तरं मात्र त्यांचे थोरले भाऊ वॉर्नी टाइप करून देत.

मला सर्वांत आवडतो तो हॅमचा किस्सा. दुसरं महायुद्ध संपलं तरी ब्रिटनमध्ये रेशनिंग 1954पर्यंत चाललं. तेव्हा बाल्टिमोरचे शल्यविशारद डॉ. वॉरफील्ड फिरोर लुईसना हॅम पाठवत. लुईसनी ते एकट्याने खाल्लं नाही, ऑक्सफर्डच्या मित्रांना जेवायला बोलावलं. 1948मध्ये अशा जेवणानंतर सगळ्यांनी सह्या करून आभाराचं पत्र धाडलं. त्यात लेखक जे. आर. आर. टॉल्किन यांचीही सही! किती लोभस कृतज्ञता!

मुलांना तर लुईस बरोबरीच्या नात्याने लिहीत, लेखनाबद्दल नेमका सल्ला देत. ही पत्रं ‘लेटर्स टु चिल्ड्रन’ (1985) या पुस्तकात जरूर वाचा.