ओल्या हाताची मूठ

सुरीला धार लावून देणारा दारावर येतो. मूठ नीट करून देणारा कुणी येत नाही. ते काम ज्याचं त्यानेच करायचं. भाईंदर पश्चिमेहून उत्तनला जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धे, राई, मोर्वे ही गावं एकमेकांना लागून आहेत. जुनी वस्ती मुख्यतः आगऱ्यांची, जुने धंदे भातशेतीचे आणि मिठागरांचे. पुढे उत्तनला समुद्र आणि कोळीवाडे. २००२ मध्ये मीरा-भाईंदरची महानगरपालिका झाली, इमारती वाढल्या, शेतं कमी झाली. पण घरात मासळी येणं काही थांबलं नाही. १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीला बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली. हत्यारांच्या डागडुजीलाही हेच दिवस सोयीचे. पावसाळ्यातल्या अशाच रिकाम्या दुपारी राईत एका सुताराच्या पडवीत बसून मी सुरीच्या गुळगुळीत मुठीला पकड कशी आणतात ते पाहिलं, आणि हळूहळू स्वतःही करू लागलो.

आपल्याकडे हा प्रश्न तसा नवा आहे, कारण घरातलं खरं हत्यार विळी. कोकणात तिला मोरळी म्हणतात. विळीचा पाट पायाखाली दाबलेला असतो, पातं जागचं हलत नाही, हलतो तो मासा. दोन्ही हात माशावर, हत्यारावर एकही नाही. त्यामुळे हत्यार हातातून सटकायचं भयच नाही. स्वयंपाक ओट्यावर उभ्याने होऊ लागला, मासळीबाजारात मोठ्या माशाचे तुकडे लाकडी ओंडक्यावर कोयत्याने पडू लागले, हॉटेलांत तासन् तास सुरी चालू लागली, तशी मूठ महत्त्वाची झाली. विळीवर हात कापतो तो बहुधा बोट पात्याकडे सरकल्यामुळे. सुरीवर कापतो तो हात मुठीवरून पुढे घसरल्यामुळे. दोन्हींचं कारण एकच, ओलेपणा. पण उपाय वेगवेगळे.

मासळीचा ओलेपणा नुसत्या पाण्याचा नसतो. माशाच्या अंगावर बुळबुळीत स्राव असतो. तो तळहात आणि मूठ यांच्यामध्ये पातळ थर धरतो आणि त्या थरावरून कातडी सरकते. बोंबील साफ करून पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. मूठ जितकी गुळगुळीत, तितका तो थर अखंड राहतो. मुठीवर खाचा असल्या की बोटांच्या दाबाने पाणी खाचांत उतरतं आणि उंचवट्यांवर कातडी थेट टेकते. पकड येते ती तिथे.

आपल्या शरीरातही याच जातीची एक सोय असावी असं म्हणतात. हात बराच वेळ पाण्यात राहिला की बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडतात. कातडी नुसती फुगून हे होत नाही. ते मज्जातंतू घडवून आणतात. ज्या बोटाचा मज्जातंतू तुटलेला असतो, ते पाण्यात ठेवलं तरी सुरकुतत नाही. ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की सुरकुतलेल्या बोटांनी ओल्या वस्तू अधिक चटकन उचलता येतात. पुढच्याच वर्षी झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात मात्र असा फायदा दिसला नाही. वाद काही असो, बोट आपल्या परीने करायचं ते करतं. राहिलेलं मुठीने करायचं.

सुतारदादांचा पहिला धडा कानस हातात घेण्याआधीचा होता. त्यांनी माझी सुरी घेतली, पात्यावर जाड कापड गुंडाळून घट्ट बांधलं, माझ्या हाताला साबण लावला आणि सुरीचं टोक लाकडावर टेकवून जोर द्यायला सांगितलं. हात पुढे सरकला. मग मूठ पिळायला सांगितली, तीही हातात फिरली. म्हणाले, "हे दोन रोग वेगळे आहेत. पुढे सरकतो त्याला आकार लागतो, फिरतो त्यालाही आधी आकारच लागतो. उरलं तर खरखर."

या कामातलं मुख्य तत्त्व हेच, आणि बहुतेक लोक नेमकं तेच विसरतात. मुठीच्या पुढच्या बाजूला, पात्याजवळ, तर्जनी अडेल एवढा उंचवटा असला की हात पात्यावर जात नाही. काटा मध्ये येऊन सुरी एकदम थांबते, तेव्हा हाताला थांबवतो तो हा उंचवटा. त्या झटक्यापुढे वरवरच्या रेघांचं काही चालत नाही. मागच्या टोकाला थोडी फुगीर गाठ असली की सुरी ओढताना निसटत नाही. मूठ गोल नसून लांबट अंडाकृती असली की हातात फिरत नाही, आणि न बघताही धार कुठल्या बाजूला आहे ते कळतं. गोल दांड्याच्या सुरीवर कितीही चरे पाडा, ती फिरायची तेवढी फिरतेच. म्हणून आधी लाकडाच्या कानशीने दोन्ही बाजू चपट्या करायच्या, आणि मग खाचांचा विचार.

सगळ्यांत सोपा आणि किनाऱ्यावर सहज दिसणारा उपाय दोरीचा. जाळ्याची उरलेली नायलॉन दोरी घरात असतेच. दोरीचं एक टोक दुमडून त्याचा फासा मुठीवर लांबीच्या दिशेने ठेवायचा आणि त्याच्यावरून वेढे घट्ट, एकाला एक चिकटून घेत जायचं. शेवटी उरलेलं टोक फाशातून ओवायचं आणि फाशाचं मोकळं टोक ओढायचं. दुसरं टोक वेढ्यांखाली खेचलं जातं, गाठ कुठे दिसत नाही आणि हातालाही टोचत नाही. नायलॉनचा दोष असा की ओलं झालं की ते किंचित ताणलं जातं आणि वेढे सैलावतात. सुती दोरी उलट भिजून फुगते आणि आवळते, पण लवकर कुजते. त्यामुळे काहीजण वेढ्यांवर अराल्डाइटचा पातळ हात देतात. तो दोरीत मुरला पाहिजे, वर साचला तर पुन्हा गुळगुळीत काच तयार होते. दुसरा स्वस्त उपाय सायकलच्या ट्यूबचा: तुकडा मुठीवर ताणून चढवायचा. पाण्यात तो छान धरतो, पण तेल किंवा माशाची चरबी लागली की रबरही बुळबुळीत होतं.

दोरी आणि ट्यूब दोन्हींचा मोठा दोष आत लपलेला असतो. वेढ्यांखाली माशाचं पाणी झिरपतं आणि तिथेच राहतं. वास धरतो, जंतू वाढतात आणि पातं साध्या लोखंडाचं असेल तर मुठीत शिरलेली त्याची शेपटी आतून गंजते. एक दिवस पातं मुठीतून हलायला लागतं, तेव्हा कारण कळतं. म्हणून खाण्याच्या कामाच्या सुरीला मूठ न गुंडाळता तिच्या अंगावरच खाचा पाडणं बरं.

लाकडावर चौकडी पाडायचं काम बघायला सोपं, करायला संयमाचं. बंदुकीच्या दस्त्यांवर ही नक्षी जगभर शोभेसाठी आणि पकडीसाठी पाडतात. तिथे इंचात १८ ते २४ रेघा असतात. इतकी बारीक चौकडी मासळीच्या सुरीला निरुपयोगी, दोन दिवसांत चरबीने भरून जाते. आम्ही रेघांमध्ये दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवलं. आधी कागदाची सरळ पट्टी मुठीभोवती तिरकी गुंडाळून पेन्सिलीने पहिली रेघ, मग तिला समांतर बाकीच्या. नंतर उलट दिशेने तिरक्या रेघा. दोन्ही मिळून लांबट शंकरपाळे दिसायला लागले की त्रिकोणी कानशीच्या कडेने प्रत्येक रेघ हलक्या हाताने कोरायची. एकाच रेघेला एका दमात खोल जायचं नाही. सगळ्या रेघा थोड्याथोड्या, पुन्हा पहिल्यापासून. पहिली रेघ वाकडी गेली की पुढच्या सगळ्या तिच्यामागून वाकड्या जातात, म्हणून तिच्यावर वेळ घालवायचा.

लाकडावर पुष्कळ अवलंबून असतं. साग पाण्याला टिकाऊ, पण त्याच्या नसा मोकळ्या असतात. बारीक शंकरपाळ्याचं टोक चटकन उडतं, शिवाय सागातल्या वाळूसारख्या सिलिकामुळे कानशीचे दात लवकर बोथटतात. शिसव घट्ट असल्याने धार धरते. बाभूळ चिवट, कोयत्याच्या दांड्याला उत्तम, पण कोरायला हात दुखवणारी. खाचा झाल्या की शंकरपाळ्यांची टोकं काचकागदाने किंचित मारायची. नव्या चौकडीला अणकुचीदार ठेवण्याचा मोह होतो, पण तासभर काम केल्यावर तीच टोकं तळहाताला फोड आणतात. शेवटी जवसाच्या तेलाचे पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर पुढचा. व्हार्निश नको, ते खाचा बुजवतं.

खाचा कुठे नकोत हेही तितकंच महत्त्वाचं. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली कातडी मऊ असते, तिथे मूठ गुळगुळीतच हवी. पकड लागते ती बोटांच्या पेरांखाली आणि मुठीच्या दोन्ही बगलांवर. तयार झालेली एक सुरी मी मासळी विकणाऱ्या एका मावशींच्या हातात दिली. त्यांनी ती दोनदा हातात फिरवली आणि सांगितलं, "मूठ हातान बसली पायजे, हाताला चावली नाय पायजे." दिवसभर कोयता चालवणाऱ्या हाताचा हा निकाल होता, मी सगळ्या टोकांवर पुन्हा काचकागद फिरवला.

प्लास्टिकच्या मुठीचं तंत्र निराळं. कारखान्यात मूठ साच्यातूनच खरखरीत निघते. स्वित्झर्लंडची व्हिक्टोरिनॉक्स ही १८८४ मध्ये सुरू झालेली कंपनी खाटीक आणि आचारी यांच्यासाठी अशा खरखरीत मुठींच्या सुऱ्या करते. घरच्या गुळगुळीत प्लास्टिकवर सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने जवळजवळ ठिपके देता येतात. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशांना वितळतं आणि आयर्न त्याच्या दुप्पट तापलेलं असतं, म्हणून नुसतं टेकवून उचलायचं. रेंगाळलं की खड्डा. हे उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला बसून करायचं. मूठ पीव्हीसीची आहे असा नुसता संशय आला तरी हात लावू नये, कारण तापल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराईडसारखा घातक वायू निघतो.

भाईंदर स्टीलच्या भांड्यांच्या कारखानदारीसाठी ओळखलं जातं, तेव्हा स्टीलच्या मुठीची चौकशी तिथल्या एका लेथवाल्याकडे केली. लोखंडी सळईवर जी चौकडीची खरखर दिसते, तिला तिथे नर्लिंगच म्हणतात. दोन दातेरी चाकं फिरत्या सळईवर दाबली जातात. धातू फारसा कापला जात नाही, दाबला जाऊन वर उचलला जातो, आणि सळईची जाडी किंचित वाढते. स्टेनलेस स्टीलची खोड अशी की दाब बसत गेला की ते आणखी कडक होतं. म्हणून चाकं एका जागी घासत ठेवून चालत नाही. पुरेसा दाब देऊन थोडक्या फेऱ्यांत नक्षी उठवावी लागते. बाजारात मिळणाऱ्या एकसंध स्टीलच्या सुऱ्यांची मूठ बरेचदा आतून पोकळ असते, ती या दाबाखाली चेपते. त्यामुळे स्टीलच्या तयार मुठीवर घरी किंवा लेथवर फारसं काही होत नाही. घ्यायची तर मुळातच खाचा असलेली घ्यावी.

आणि एक जुनी, हुशार खरखर समुद्रातूनच आलेली आहे. आपल्या किनाऱ्यावर जाळ्यात पाकट येतं. त्याच्या जातभाईंचं कातडं बारीक, कडक दाण्यांनी भरलेलं असतं. जपानमध्ये तलवारीच्या लाकडी मुठीवर शतकानुशतकं हेच कातडं चढवत आले, आणि त्यावरून रेशमी किंवा सुती पट्टी तिरकी गुंडाळत आले. दाण्यांमुळे पट्टी सरकत नाही आणि पट्टीमुळे हात सोलत नाही. मासळी विकणाऱ्या मावशी आणि जपानी कारागीर शेवटी एकाच निष्कर्षाला आले: मुठीने धरावं, चावू नये.

राहतो तो स्वच्छतेचा भाग. खाच जितकी खोल, तितकी घाण साठायला जागा. खाचांच्या मुठीची सुरी नुसती पाण्याखाली धरून भागत नाही. काम झाल्याबरोबर साबण आणि जुना दातांचा ब्रश खाचांच्या दिशेने फिरवायचा, मग मूठ पुसून हवेशीर जागी वाळवायची. लाकडी मूठ पाण्यात बुडवून ठेवायची नाही. कच्च्या मासळीची सुरी सॅलडला वापरायची नाही. एवढं होणार नसेल, तर खाचा न पाडता नीट आकाराची गुळगुळीत मूठ बरी.

तेव्हा नवी सुरी घेताना दुकानात फक्त पात्यावर अंगठा फिरवून समाधान मानू नका. मूठ हातात धरा, पिळून पाहा, हात पुढे सरकतो का तेही बघा. शक्य असेल तर ओल्या हाताने. आकार चांगला असेल तर खाचा घरी पाडता येतात. आकारच चुकला असेल, तर ती सुरी दुकानातच राहू द्या.