वास्तूची त्वचा आणि अस्थी

इमारतीला शरीराची उपमा देण्याची रीत फार जुनी आहे. आपल्या मंदिरस्थापत्यात बाह्य भिंतीला जंघा, शिखराच्या माथ्याखालील भागाला ग्रीवा आणि मूर्तीच्या स्थानाला गर्भगृह म्हणतात. रोमन वास्तुकार विट्रुव्हियस याने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहिलेल्या ग्रंथात देवालयाची प्रमाणे मानवी देहावरून घ्यावीत, असे प्रतिपादन केले आहे. या साऱ्यांचा भर मुख्यतः रूपावर होता. घराची निगा राखणाऱ्यास मात्र देहाच्या रूपापेक्षा त्याचा व्यवहार अधिक उपयोगी पडतो.

गोव्यातील जुन्या घराचेच उदाहरण घ्यावे. भिंती जांभ्या चिऱ्याच्या व त्यांवर चुन्याचा गिलावा. चिरा सच्छिद्र असतो. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात तो जमिनीतून व बाहेरून ओल शोषतो आणि ती चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू वाफेच्या रूपाने निघून जाते. भिंतीला घाम येतो म्हणा ना! अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविला किंवा प्लास्टिकयुक्त रंगाचा थर दिला, की त्वचेची रंध्रे बुजतात. ओल आत कोंडते, क्षार साचून पोपडे सुटतात आणि भिंतीत टेकलेली तुळयांची टोके कुजू लागतात. पोपडे दिसताच पुन्हा सिमेंटच लावण्याचा प्रघात आहे. तो विकारालाच औषध समजण्यासारखा होय. चुन्याचा आणखी एक गुण असा की, पाझरणाऱ्या पाण्यात तो किंचित विरघळतो व बारीक तड्यांत पुन्हा साकळतो. लहान जखम आपोआप भरून यावी, तसाच हा प्रकार आहे.

नव्या इमारतींचे दुखणे अस्थींचे आहे. काँक्रीट अल्कधर्मी असते तोवर आतील सळई सुरक्षित राहते. हवेतील कार्बन डायऑक्साइड आत शिरून हा गुणधर्म घटवितो. किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्यातील क्लोराइडची त्यात भर पडते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून बाहेरचे काँक्रीट फुटते. भारतीय मानक 456 च्या 2000 सालच्या आवृत्तीत सळईवरील आवरण सौम्य परिस्थितीत 20 मिलिमीटर, तर किनारी हवेत 45 मिलिमीटर ठेवण्यास सांगितले आहे, ते यासाठीच.

येथे मात्र उपमा तोकडी पडते. हाड दुखले की देह बोलतो. सळई बोलत नाही. खांबावर सळईच्या रेषेत गेलेला तडा, तांबूस डाग, ठोकल्यास येणारा पोकळ आवाज, एवढ्याच खुणा मिळतात. त्या दिसताच तडा बुजवून रंग देण्यात अर्थ नाही. जाणकार अभियंत्याच्या देखरेखीखाली सुटलेले काँक्रीट काढून, सळई घासून स्वच्छ करून मगच दुरुस्ती करावी. जुन्या भिंतींची पाहणी ऐन पावसाळ्यात करावी. मे महिन्यात त्या कोरड्या दिसतात आणि ओल कोठून शिरते ते कळत नाही.