एचआर घेतलं म्हणजे समाजकार्य सोडलं?

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. चर्चा झाली ती मूळ पगाराची, ग्रॅच्युइटीची, संपाच्या नोटिशीची. एक बदल मात्र जवळपास कुणाच्याच नजरेत आला नाही. 1948 च्या कारखाने कायद्याचं कलम 49 सांगत होतं की पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमलाच पाहिजे. नव्या चारपैकी एका संहितेने ही मर्यादा अडीचशेवर आणली आहे. पुण्यातल्या समाजकार्याच्या, म्हणजे एमएसडब्ल्यूच्या वर्गांमध्ये फळ्यावर लिहावी अशी ही बातमी आहे.

मोशी ओलांडून नाशिक रस्त्याने चाकणकडे निघालं की कुरुळी लागते. शेजारच्या निघोजेत महिंद्राचा प्रकल्प, पुढे महाळुंग्यात बजाज, आणि मधल्या सगळ्या पट्ट्यात या मोठ्यांना सुटे भाग पुरवणारे व्हेंडर. पाचशेची रेघ न गाठणारे, पण अडीचशेच्या वर असलेले कारखाने सापडतील ते याच मधल्या फळीत. कल्याण अधिकाऱ्याच्या नव्या खुर्च्या निर्माण व्हायच्या असतील तर त्या इथे होतील.

या खुर्च्यांवर बसू शकणाऱ्या समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना नोकरीकडून काय हवंय, हे स्पेशलायझेशन निवडताना उघड होतं. समुदाय विकास, कुटुंब व बालकल्याण, वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य असे पर्याय समोर असताना ‘मी एचआर घेतलंय’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं. कायम नोकरी, पीएफ, आणि घरी विचारलं तर सांगता येईल असं कंपनीचं नाव. लातूर-बीड-यवतमाळहून आलेल्या, घरात पहिल्यांदाच पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुलाने एवढी अपेक्षा ठेवली तर त्यात गैर काय?

दुसऱ्या वाटा पाहा. ससूनसारख्या रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षकाचं पद असतं, पण जागा मोजक्या. एचआयव्ही समुपदेशक कंत्राटी, जिल्हा बाल संरक्षण कक्षातली बहुतेक पदं कंत्राटी. संस्थांमधलं काम प्रोजेक्टवर, म्हणजे निधी आहे तोवर. 1098 ही चाइल्डलाइन 1996 मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा क्षेत्रकार्य प्रकल्प म्हणून सुरू झाली आणि देशभर पसरली. 2023 मध्ये ती सरकारी यंत्रणेकडे गेली, तेव्हा ती चालवणाऱ्या संस्थांमधल्या कार्यकर्त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. आणि जून 2024 मध्ये खुद्द टाटा संस्थेनेच निधीअभावी शंभराहून अधिक प्राध्यापक व कर्मचाऱ्यांची कंत्राटं थांबवली. काही दिवसांत निर्णय मागे घेतला गेला, पण शिकवणाऱ्यांची नोकरीच अशी टांगणीला लागलेली पाहिल्यावर विद्यार्थी कायम नोकरीचा ध्यास घेणारच.

यावर जुन्या पिढीचा आरोप ठरलेला असतो: ही मुलं समाजकार्य सोडून कंपनीची झाली. असाच वाद अमेरिकेतही झाला. हॅरी स्पेक्ट आणि मार्क कोर्टनी यांनी 1994 मध्ये ‘अनफेथफुल एंजल्स’ हे पुस्तक लिहून खासगी मानसोपचाराकडे वळलेल्या समाजकार्यकर्त्यांना धारेवर धरलं. गरिबांना वाऱ्यावर सोडलं, हा त्यांचा आक्षेप. तिथे त्यात तथ्य असेलही. चाकण पट्ट्याला तो जसाच्या तसा लावणं मला मान्य नाही, कारण इथे गरीब माणूस कारखान्याच्या आतच आहे.

शिवाय कल्याण अधिकाऱ्याचं पद जन्मालाच आलं कामगाराच्या बाजूने. गिरण्यांमध्ये जॉबर कामगाराला कामावर घ्यायचा, काढायचा आणि त्यासाठी लाच खायचा. 1931 मध्ये व्हिटली आयोगाने जॉबरची ही सत्ता मोडण्यासाठी लेबर ऑफिसर नेमा असं सुचवलं. कलम 49 च्या मुळाशी हा विचार आहे. देशातली समाजकार्याची पहिली शाळा 1936 मध्ये निघाली, तीही नागपाड्याच्या वस्तीत काम करणाऱ्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने, गिरण्यांच्या मुंबईत. पुण्यात 1963 मध्ये कर्वे समाज सेवा संस्था उभी राहिली, तेव्हा पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक पट्टा आकार घेत होता. कामगार कल्याण हा या व्यवसायाचा पाया आहे.

बिघडलं ते पुढे. कल्याण अधिकारी म्हणून घेतलेल्या माणसाच्या टेबलावर हजेरी, ठेकेदाराची बिलं, शो-कॉज नोटिसा येतात आणि कल्याण कँटीनच्या तक्रारवहीपुरतं उरतं. जॉबरच्या जागी आज लेबर कॉन्ट्रॅक्टर आहे. लाइनवर कायम कामगारांच्या खांद्याला खांदा लावून कंत्राटी आणि अप्रेंटिस काम करतात. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याने अप्रेंटिस हा कामगार मानलाच जात नाही. तो कुरुळीत चार-सहा जणांत एक खोली भाड्याने घेतो, मेसचा डबा खातो, आणि आजारी पडला तर कुणाला सांगायचं हे त्याला ठाऊक नसतं.

‘सेफ इन इंडिया’ ही संस्था वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीतले अपघात नोंदवते. हरियाणाबरोबर पुणे पट्ट्याचीही नोंद तिच्या ‘क्रश्ड’ अहवालांत आहे. पॉवर प्रेसखाली बोटं जातात, हे त्यात पुन्हा पुन्हा येतं. मला सर्वात जास्त लागलं ते वेगळंच: ईएसआयचं कार्ड कामावर रुजू होताना मिळायला हवं, ते अनेकांच्या हाती अपघात झाल्यावर पडतं. हे कार्ड पहिल्या दिवशी हातात देणं, जखमी मुलाला मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात नेणं, गावी फोन करणं, अपंगत्वाच्या लाभाचा अर्ज शेवटपर्यंत लावून धरणं, हेच केसवर्क. वर्गात शिकवतात तेच. एचआर घेतलेल्या विद्यार्थ्याचं क्षेत्रकार्य म्हणूनच कंपनीच्या केबिनमध्ये फायली लावण्यात जाऊ नये. आठवड्यातला एक दिवस कारखान्यात आणि एक दिवस कुरुळीच्या खोल्यांमध्ये गेला पाहिजे.

संहितेत आकडा आहे. पात्रता आणि कर्तव्यं ठरवणं नियमांवर सोडलं आहे. महाराष्ट्रात या पदासाठी समाजकार्य किंवा कामगार कल्याणाची मान्यताप्राप्त पदवी-पदविका लागत आली आहे. ती अट सैल झाली, कुठलाही एमबीए चालेल असं झालं, तर अडीचशेच्या आकड्याला काही अर्थ उरणार नाही. शिस्तभंगाच्या चौकशीत या अधिकाऱ्याला व्यवस्थापनाच्या बाजूने उभं करता येणार नाही, हेही नियमात स्वच्छ लिहिलेलं हवं. समाजकार्य महाविद्यालयांनी यासाठी एकत्र येऊन सरकारकडे जायला हवं.

आणि तरीही पिंपरी-चिंचवडमधलं तळवडे उरतंच. 8 डिसेंबर 2023 ला तिथल्या स्पार्कल मेणबत्त्यांच्या बेकायदा शेडमध्ये स्फोट होऊन बायका जळून मेल्या. अशा शेडला पाचशेची मर्यादा लागू होत नाही आणि अडीचशेचीही नाही. पण याच संहितेत पाळणाघराबाबत एक सोय आहे: अनेक आस्थापनांनी मिळून एक सामाईक पाळणाघर चालवलं तरी चालतं. तोच न्याय कल्याण अधिकाऱ्याला लावता येईल. तळवड्यातल्या, कुरुळीतल्या तीस-चाळीस छोट्या शेडना मिळून एक, एमआयडीसी किंवा पालिकेच्या वेतनावर, कोणत्याही एका मालकाचा नोकर नसलेला.