आखाताच्या वाटेने येणारा हिवाळी पाऊस

बडोद्याला समुद्रकिनारा नाही, पण समुद्र फार दूरही नाही. शहराच्या पश्चिमेला सुमारे ६० किलोमीटरवर खंभातचे आखात निमुळते होत संपते. एरवी कोरड्या जाणाऱ्या हिवाळ्यात कधीतरी जो वादळी पाऊस येतो, ज्याला गुजराती शेतकरी मावठुं म्हणतो, त्याचे बरेचसे वागणे या आखातावर आणि भोवतालच्या जमिनीवर अवलंबून असते.

या पावसाचे मूळ मात्र लांबचे आहे. भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी प्रक्षोभ उंचावरच्या वाऱ्यांबरोबर पूर्वेकडे सरकतात आणि बहुधा काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकून जातात. गुजरातेत फक्त गारठा वाढतो. कधी कधी प्रक्षोभाला जोडलेला कमी दाबाचा पट्टा दक्षिणेकडे थेट अरबी समुद्रापर्यंत लांबतो. मग ईशान्येचा कोरडा वारा मागे हटतो, नैऋत्येचा दमट वारा आत शिरतो आणि वर थंड हवा असल्याने ढग झपाट्याने चढतात. गारा आणि विजा त्यातूनच येतात.

कोकणात अशा वाऱ्यापुढे सह्याद्रीची भिंत उभी असते. हवा कुठे चढणार हे ढोबळपणे तरी आधीच ठरलेले असते. मध्य गुजरातेत तशी सोय नाही. पश्चिमेला सौराष्ट्राचे द्वीपकल्प आहे. तिथला गिरनार सुमारे ११०० मीटर उंच, पण सलग रांग नव्हे. पश्चिमेकडून आलेली ओल या द्वीपकल्पावर बरीच खर्ची पडते. दक्षिण-नैऋत्येचा वारा मात्र आखाताच्या पाण्यावरून विनाअडथळा वर सरकतो. जमिनीवर घर्षण जास्त, म्हणून किनारा ओलांडताना त्याचा वेग मंदावतो, मागची हवा साचते आणि वर चढू लागते. मही आणि ढाढर या नद्यांच्या सपाट मैदानापलीकडे पहिला ठळक उंचवटा म्हणजे सुमारे ८०० मीटरचा पावागड. आखात स्वतः उथळ आहे, ओहोटीला तिथे दूरवर चिखल उघडा पडतो आणि थंडीत त्याचे पाणी लवकर निवते. ओलीचा खरा साठा त्यापलीकडच्या खुल्या समुद्रात. आखात ही वाट.

२६ नोव्हेंबर २०२३ रोजी हे सगळे जुळून आले. गुजरातच्या बहुतेक तालुक्यांत पाऊस झाला. सुरत, भरूच, खेडा अशा जिल्ह्यांत काही ठिकाणी तो ५० मिलिमीटरच्या वर गेला. वीज पडून राज्यात २० पेक्षा जास्त माणसे दगावली. शेतात कापूस आणि तूर उभी असण्याचे हे दिवस, त्यामुळे थोडा पाऊसही महागात पडतो.

उलट उदाहरण ओखी चक्रीवादळाचे. डिसेंबर २०१७ मध्ये ते लक्षद्वीपकडून वळून दक्षिण गुजरातकडे निघाले. पण उत्तरेकडचे थंड पाणी, कोरडी हवा आणि उंचावरचे जोरकस वारे यांनी ते समुद्रातच खिळखिळे झाले. किनाऱ्याला लागले तेव्हा केवळ कमी दाबाचे क्षेत्र उरले होते.

अंदाजाची अडचण इथेच आहे. पावसाचा दिवस हवामान विभाग बऱ्यापैकी आधी सांगू शकतो. तालुका सांगणे अवघड. संगणकी प्रारूप भूभागाचे चौकोन पाडून गणित करते. १२ किलोमीटरच्या चौकोनात पावागडसारखा सुटा डोंगर सपाट होऊन जातो आणि आखाताचे निमुळते टोक धड पाणीही राहत नाही, धड जमीनही. मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’मध्ये हा चौकोन ६ किलोमीटरवर आला, तरी एखादा गारांचा ढग त्याहून लहान असू शकतो. रडारलाही पृथ्वीच्या वक्रतेची मर्यादा आहे. भूज आणि मुंबई ही रडार असलेली दोन्ही ठिकाणे बडोद्यापासून साडेतीनशे किलोमीटरच्या पलीकडे. तिथून निघालेला सर्वांत खालचा किरणही बडोद्यावर पोहोचेपर्यंत सुमारे १० किलोमीटर उंच गेलेला असतो. हिवाळी ढगांचा पुष्कळसा भाग त्याच्या खालीच राहतो. म्हणून शेवटच्या दोन-तीन तासांचा इशारा उपग्रहाची चित्रे, विजांची नोंद आणि जवळचे रडार यांची सांगड घालूनच द्यावा लागतो.