जाडीचं खूळ

भिलाईत लोखंडाबद्दल मत नसलेला माणूस सापडणं कठीण. ४ फेब्रुवारी १९५९ला इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेव्हापासून कुणी पोलाद प्लांटमध्ये, कुणी रोलिंग मिलमध्ये, कुणी हथखोज औद्योगिक भागातल्या शेडमध्ये, असं सगळं गाव त्याच धंद्यात मुरलं, विदर्भातून आलेली मराठी घरंही. त्यामुळे जीपमागे ओढायचा छोटा कॅम्पिंग ट्रेलर घरीच बांधीन म्हणणाऱ्याला इथे कुणी वेड्यात काढत नाही. उलट चौघं सल्ला द्यायला येतात, आणि पंचाईत तिथेच होते.

रेल्वेला २६० मीटर लांबीचे रूळ आणि युद्धनौकांसाठी पोलादी प्लेटा देणाऱ्या गावाला जाड तेवढं मजबूत वाटणारच. मालवाहू रुळासाठी ते खरंही आहे. ट्रेलर मात्र स्वतःचं वजन दर खड्ड्यात स्वतःच झेलतो. पाइप, पाटे (लीफ स्प्रिंग), कापड, सगळीकडे ही जाडीची ओढ नडते.

सांगाड्यापासून सुरू करू. ‘पाच मिलिमीटरचा बॉक्स पाइप घे, मग बघायला नको,’ हा ठरलेला सल्ला. हिशेब मांडून बघा. ५० बाय ५०चा ३ मिलिमीटर जाडीचा पाइप मीटरला सुमारे साडेचार किलो भरतो. तोच ५ मिलिमीटरचा घेतला तर वजन सुमारे ६० टक्क्यांनी वाढतं, पण वाकण्याला होणारा विरोध ५० टक्केही वाढत नाही. आता १०० बाय ५०चा २ मिलिमीटरचा पाइप उभा बसवा. वजन जवळजवळ पहिल्याइतकंच, ताठपणा मात्र साडेतीन पटींच्या वर. कारण वाकण्याचा विरोध पाइपच्या उंचीवर फार अवलंबून असतो, भिंतीच्या जाडीवर त्या मानाने कमी. पातळ पाइपला जिथे पाट्यांचे ब्रॅकेट येतात तिथे जादा पट्टी द्यावी लागते आणि वेल्डिंग करणाऱ्याचा हात बरा असावा लागतो, नाहीतर पाइपला भोक पडतं. पण ते कसबाचं काम झालं, त्यावर उतारा जाड पाइप नव्हे.

‘भिलाईचाच पाइप आहे,’ असं दुकानदार सांगतो तेव्हा मान डोलावून पुढचं विचारा. प्लांटमधून रूळ, प्लेटा, चॅनेल, सळ्या, वायर रॉड निघतात. पोकळ चौकोनी पाइप निघत नाही. तो खासगी ट्यूब मिलचा असतो आणि चांगलाही असू शकतो. त्यावर आयएस ४९२३ ही खूण शोधा आणि जाडी व्हर्नियरने स्वतः मोजा.

सांगाडा मोडतो तो बहुधा मधोमध नाही. ओढायचा दांडा चौकटीला जिथे मिळतो, तिथे तडा जातो. तिथे पाइपच्या वरच्या-खालच्या अंगावर आडवं वेल्डिंग मारलं किंवा बोल्टसाठी भोक पाडलं, की नेमका सर्वाधिक ताण पडणारा भाग कमजोर होतो. बाजूच्या उभ्या अंगावर, पाइपच्या लांबीच्या दिशेने वेल्डिंग केलेलं बरं.

दुसरा समज ट्रॅक्टर-ट्रॉलीवरून आलेला. दुर्ग जिल्हा धानाचा, ट्रॉली बांधणारे गावोगाव. ‘तीन टन धान वाहते ती ट्रॉली, तुझा तंबू काय जड?’ बरोबर, आणि म्हणूनच ती चालत नाही. बऱ्याच ट्रॉल्यांना पाटे नसतातच. असले तर ते भरल्या ओझ्यासाठी बसवलेले. सहाशे किलोच्या ट्रेलरखाली दोन टनांचे पाटे घातले, तर ते वाकणारच नाहीत. ट्रेलर प्रत्येक खड्ड्यात उडी मारेल, आतले डबे, बिजागऱ्या, रिव्हेट सगळं सैल होईल. एक्सलवर प्रत्यक्ष येणारा भार काढा, भरल्या ट्रेलरचा, आणि थोडीशीच शिल्लक ठेवून तेवढ्याच क्षमतेचे पाटे घ्या.

चाकं आणि टायर जीपच्याच मापाचे असावेत. एक स्टेपनी दोघांना पुरते. टायरच्या बाजूवर मापाशेजारी भारांक असतो: ८२ म्हणजे ४७५ किलो, ९१ म्हणजे ६१५ किलो. भंगारातले टायर नवे दिसले तरी चार आकडी खूण वाचा. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे.

मैकलच्या डोंगरात नाले ओलांडणार असाल तर बेअरिंगची एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. लांबचा रस्ता कापून हब तापलेला असतो. तो थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. बाहेरून काही दिसत नाही. अशा सहलीनंतर हब उघडून ग्रीस बदलायचं.

आता पाण्याची टाकी. ‘मागे जागा आहे, मागेच टाकू.’ एक लीटर पाणी म्हणजे एक किलो. समजा, जीपला जोडायचा हूक एक्सलच्या २.४ मीटर पुढे आहे आणि ६० लीटरची टाकी एक्सलच्या १.२ मीटर मागे. भरलेली टाकी हुकावरचा भार ३० किलोने कमी करते. ऑस्ट्रेलियात, जिथे असे ट्रेलर सर्रास वापरतात, एकूण वजनाच्या साधारण १० टक्के भार हुकावर ठेवायची रीत आहे. म्हणजे सहाशे किलोच्या ट्रेलरला साठ. त्यातले तीस गेले, तर रायपूर रस्त्यावर वेग धरताच मागचं धूड डावी-उजवीकडे डुलायला लागेल. टाकी एक्सलच्या वर ठेवा; ती भरली काय, रिकामी झाली काय, हुकावर फरक पडत नाही. तिथेही बाथरूममधला वजनकाटा दांड्याखाली ठेवून भार एकदा मोजाच.

कापडात गैरसमज सगळ्यांत जास्त, कारण इथे भिलाईचं लोखंडी शहाणपण मुळीच कामाला येत नाही.

‘किती डेनियरचं आहे?’ हा दुकानातला पहिला प्रश्न. डेनियर म्हणजे नऊ हजार मीटर सुताचं ग्रॅममधलं वजन, त्यापलीकडे काही नाही. सहाशे डेनियरचं कापड पाणी अडवेल की गळेल, हे त्या आकड्यात नसतं. ते विणीवर आणि लेपावर ठरतं, आणि किती मिलिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब कापड सोसतं त्यावर मोजतात. छताला १५००च्या आतलं घेऊ नका, जमिनीला त्याहून बरंच जास्त हवं, कारण तिथे गुडघा टेकला की दाब वाढतो. शिवाय हा आकडा नव्या कापडाचा. पॉलियुरेथेनचा लेप उष्णता आणि दमटपणात सडतो, चिकट होतो, त्याला आंबूस वास येतो. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मे ते सप्टेंबर गुंडाळून ठेवलेलं कापड दिवाळीत उघडलं, की हे कळतं.

‘सिंथेटिक ते टिकाऊ’ हेही अर्धंच. नायलॉन उन्हाने लवकर कमजोर होतं आणि ओलं झालं की सैल पडतं. पॉलिएस्टर दोन्हींत उजवं. निळी ताडपत्री बाजारात सगळ्यांत स्वस्त आणि आपल्या उन्हात सगळ्यांत आधी तुकडे होणारी. ट्रकवरची पीव्हीसीची ताडपत्री पाण्याला पक्की खरी, पण तिच्यातून वाफ जात नाही. दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात ते पाणी जानेवारीच्या थंडीत छताला आतून लागतं आणि पहाटे पांघरुणावर ठिबकतं. मग ‘ताडपत्री गळली’ असा बोभाटा. ती ताडपत्री जमिनीला आणि प्रवासातल्या कव्हरला लावा. भिंती-छपराला सुती किंवा सुती-पॉलिएस्टर मिश्र कॅनव्हास, चौरस मीटरला चारशे ग्रॅमच्या आसपास. इथेही जाडीचा मोह नको; सहाशे ग्रॅमचा भिजलेला कॅनव्हास दोघांना दुमडणं नको होतं.

नवा कॅनव्हास पहिल्या पावसात शिवणीतून गळतो, म्हणून बरेच जण शिंप्याशी भांडतात. सुती धागा भिजल्यावर फुगतो आणि विणीतली, सुईची भोकं बुजवतो. म्हणून कॅनव्हासला दोन-तीनदा चिंब भिजवून पूर्ण वाळू द्यायचं असतं, तेही सहलीच्या आधी, अंगणात. शिवणीचा धागाही त्यासाठीच आत पॉलिएस्टर, वरून सूत असा मिळाला तर उत्तम. साबणाने मात्र धुवायचा नाही. पाणी अडवणारं रसायन निघून जातं. आणि ओला गुंडाळला, तर बुरशी आलीच.

हवा खेळणारा कॅनव्हास आहे म्हणून आत सिगडी चालते, हा समज मात्र जिवावर बेततो. वाफ जाण्याइतकी वीण विरळ असते, कार्बन मोनॉक्साइड साचू न देण्याइतकी नाही. निखारे विझल्यासारखे दिसले तरी तो वायू निघत राहतो. रात्री सिगडी बाहेर.

धुळीचं थोडक्यात. दल्ली-राजहराकडे खाणींच्या बाजूला गेलात तर लाल धूळ मागच्या दारातूनच शिरते, कारण धावत्या ट्रेलरच्या मागे हवेचा दाब कमी होतो. दारांना फोमची पट्टी न लावता ईपीडीएम रबर लावा, ते ऊन सोसतं. आणि पुढच्या बाजूला, उंचावर, गाळणी लावलेलं छोटं हवाद्वार ठेवा म्हणजे आतला दाब थोडा वर राहील.

‘ट्रेलरला इंजिनच नाही, त्याला कसला नंबर?’ असं ट्रॉलीवालाही म्हणतो. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर धरलेला आहे आणि कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय ते सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. ट्रॉलीलाही तोच नियम. विना नोंदणी ट्रेलरने अपघात झाला, तर विम्याचा दावाही अडू शकतो. पहिला पाइप कापण्याआधी मापं, अंदाजी वजन, ब्रेक आणि दिव्यांचा आराखडा घेऊन दुर्गच्या परिवहन कार्यालयात जा आणि घरी बांधलेल्या ट्रेलरची नोंदणी कोणत्या अटींवर होईल ते लेखी विचारा. उत्तर ‘नाही’ आलं, तर नोंदणीकृत बांधणाऱ्याकडून चाकांसकट सांगाडा घ्या आणि कापड, कप्पे, टाकी एवढंच घरी करा.