जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकताय? आधी दुकानाचं एक पूर्ण काम करून बघा



14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला. तेव्हापासून आपल्या भिंगार-नगरकडे नवीन धंदा टाकणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला आहे: "सर, लॅपटॉप चांगला चालतोय, पण विंडोज 11 घेत नाही. नवीन घ्यायचा का?" विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे 2017 च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप बाद.

नवीन लॅपटॉपला 35-40 हजार घातले की तेवढा माल दुकानात कमी भरला जातो. म्हणून फुकट मिळणाऱ्या लिनक्सचा विचार जरूर करा. पण काउंटरवर बिल अडलं तर गिऱ्हाईक थांबत नाही. त्यामुळे आधी तपासायचं, मगच टाकायचं.

अडचण येते कुठून?

लॅपटॉप कंपन्या बहुतेक मशीन विंडोज डोळ्यासमोर ठेवून बनवतात. लिनक्सचे ड्रायव्हर काही चिप कंपन्या स्वतः देतात, तर काही जगभरातले प्रोग्रॅमर लिहितात. त्यामुळे एकाच ब्रँडचं एक मॉडेल मख्खन चालतं आणि दुसरं रुसून बसतं. नावापेक्षा आतली चिप महत्त्वाची.

आधी पेन ड्राइव्हवरून चालवा

8 जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. विंडोजमध्येच रुफस वापरून त्यावर लिनक्स मिंट टाका. लॅपटॉप सुरू होताना डेल आणि लेनोवोला बहुतेक वेळा एफ12, एचपीला एफ9 दाबून पेन ड्राइव्ह निवडा. इन्स्टॉलचं बटण दाबत नाही तोवर तुमच्या डिस्कवरचं काही पुसलं जात नाही. स्क्रीन काळीच राहिली तर सुरुवातीच्या मेनूतला कंपॅटिबिलिटी मोड निवडा. आता एकेक गोष्ट तपासा.

वायफाय: जुन्या ब्रॉडकॉम चिपला बऱ्याचदा वेगळा ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर घ्यायला नेट हवं आणि नेटला ड्रायव्हर! अशा वेळी मोबाईल यूएसबी केबलने जोडा, टेदरिंग सुरू करा आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडा. एचपीच्या काही मॉडेलमध्ये रिअलटेकची चिप असते. राउटर शेजारी असूनही सिग्नलची एकच दांडी दिसते, कारण कंपनीने एकच अँटेना जोडलेला असतो आणि ड्रायव्हर दुसऱ्या रिकाम्या जागेवर सिग्नल शोधत बसतो. एका ओळीच्या सेटिंगने हे सुटतं. ते जमत नसेल तर लिनक्सला चालणारा छोटा यूएसबी वायफाय घ्या.

झाकण: लॅपटॉप बंद करा, पाच मिनिटांनी उघडा. स्क्रीन काळी राहिली तर पॉवर सेटिंगमध्ये "झाकण लावल्यावर काही करू नका" हा पर्याय ठेवा आणि रात्री रीतसर शटडाऊन करा. एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड असेल तर त्याचा ड्रायव्हर टाकून परत बघा.

डिस्क दिसत नाही: इन्स्टॉलरला डिस्क सापडत नसेल तर बायोसमध्ये स्टोरेज इंटेल आरएसटीवर असण्याची शक्यता मोठी. ते एएचसीआयवर करावं लागतं. पण थांबा! हा बदल केला की जुनं विंडोज सुरू न होण्याचा धोका असतो. बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू नका.

साडेपाच तासांचा घोळ: एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांनी हे नीट वाचा. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज त्याच घड्याळाला भारतीय वेळ समजतं. त्यामुळे विंडोजमध्ये वेळ साडेपाच तास मागे दिसू शकते. दूध डेअरीवाल्याने पहाटे पाचला बिल काढलं तर त्यावर कालची तारीख पडेल! लिनक्सला घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगितलं की प्रश्न मिटतो.

प्रिंटर: सगळ्यात जास्त डोकेदुखी इथेच. झेरॉक्सच्या दुकानात हमखास दिसणारा कॅननचा एलबीपी 2900 नुसता जोडून चालत नाही, त्याला कॅननचा वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो बसवताना घाम फुटतो. एचपीच्या लेझरजेट 1020 ला एचपीचं एक प्लगइन लागतं, ते बसलं की गाडी सुरळीत चालते. बारकोड स्कॅनर मात्र बहुतेक वेळा कीबोर्डसारखा जोडताक्षणी चालतो.

या धंद्यांनी घाई करू नका

टॅलीची लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती नाही. आधारवर पैसे काढून देणारं केंद्र चालवत असाल, तर अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस सहसा विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच असते. डिजिटल सहीच्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर आहे का, ते विक्रेत्याला आधीच विचारा. फ्लेक्स-पत्रिकांचं काम कोरल ड्रॉ आणि श्री-लिपीवर चालत असेल तर विंडोजच ठेवा.

याउलट जीएसटी पोर्टल, उद्यम नोंदणी, ईमेल, व्हॉट्सॲप वेब, ब्राउझरमधलं बिलिंग, लिबरऑफिसमधला स्टॉक आणि युनिकोड मराठी टायपिंग, एवढंच काम असेल तर लिनक्स मजेत चालतं.

निर्णय कसा घ्यायचा?

पेन ड्राइव्हवरूनच एक खरं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत करा. बिल बनवा, छापा, पीडीएफ गिऱ्हाईकाला पाठवा, झाकण लावून परत उघडा. सगळं जमलं तर बॅकअप घेऊन इन्स्टॉल करा. एकच गोष्ट अडली तर तिच्या उपायाचा खर्च मोजा. पाचशे-हजारात सुटत असेल तर पुढे जा. पण ज्यातून रोजचा गल्ला भरतो तेच काम अडत असेल, तर लिनक्सचा हट्ट सोडा.

आणि सेकंड हँड लॅपटॉप घेणार असाल तर हाच पेन ड्राइव्ह खिशात ठेवून दुकानात जा. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक अशी ऑफिसवापराची मॉडेल्स लिनक्सवर सहसा कमी त्रास देतात. पैसे देण्याआधी तिथेच चालवून बघा. विकणारा चालवू देत नसेल तर दुसरं दुकान गाठा.

वायफाय आणि घड्याळाच्या कमांड व्हिडिओखाली दिल्या आहेत. भेटू पुढच्या व्हिडिओत!